ग्लासगोची टेनेमेंट घरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात कुठेही फिरा, तीन-चार मजली दगडी इमारतींच्या लांबच लांब रांगा दिसतात. काही तांबूस लाल, काही मधाळ पिवळ्या. व्हिक्टोरिया राणीच्या काळात बांधलेली ही टेनेमेंट घरं एकेकाळी युरोपातल्या सर्वांत बदनाम वस्त्यांमध्ये मोजली जात. आज तीच घरं विकायला निघाली की बघायला रांग लागते. या घरांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते: दोष दगड-चुन्यात फारसा नव्हता. एका खोलीत किती माणसं कोंबली आणि गळकं छप्पर कुणी दुरुस्त केलं, यावरच या इमारतींचं नाव बरं-वाईट होत गेलं.

टेनेमेंट म्हणजे नेमकी कशी इमारत?

एका सामाईक जिन्याभोवती रचलेली घरं. बहुतेक ठिकाणी तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर दोन, तीन, क्वचित चार घरं. रस्त्यावरून आत शिरायला एकच वाट. तिला तिथे 'क्लोज' म्हणतात. ती सरळ मागच्या अंगणात निघते आणि तिच्याच पोटातून दगडी जिना वर चढतो. शेजारच्या इमारतीची भिंत सामाईक, तिच्या शेजारची पुन्हा सामाईक, असं करत चारही रस्त्यांना लागून पूर्ण चौकोन तयार होतो आणि मधोमध सगळ्यांचं मिळून मोकळं अंगण राहतं. वर्दळीच्या रस्त्यावर तळमजल्याला दुकानं असतात.

एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. लंडन किंवा न्यूयॉर्कमध्ये टेनेमेंट म्हटलं की गरिबांची वस्तीच डोळ्यांपुढे येते. स्कॉटलंडमध्ये डॉक्टर, प्राध्यापक, कारकून, गोदी कामगार सगळेच टेनेमेंटमध्ये राहत. फरक असायचा तो खोल्यांच्या संख्येत आणि जिन्याच्या थाटात. इंग्लंडमधला कामगार लहान का होईना, स्वतंत्र दाराच्या बैठ्या किंवा दुमजली रांगेतल्या घरात राहत असे. स्कॉटलंडमधला वर-खाली शेजार असलेल्या घरात.

म्हणजे आपल्या चाळीसारखंच ना?

हा प्रश्न प्रत्येक मराठी माणूस विचारतो, आणि तो रास्तच आहे. कोकणातून आणि घाटावरून माणसं गिरणगावात आली, तशी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून आणि आयर्लंडमधून माणसं ग्लासगोच्या कापडगिरण्या, लोखंडाचे कारखाने आणि जहाजबांधणीच्या गोद्यांकडे आली. एका खोलीत कुटुंब, सामाईक संडास, खालच्या दुकानात उधारीचं खातं, शेजारणीच्या भरवशावर सोडलेली मुलं, हे दोन्हीकडे होतं.

इमारत मात्र वेगळी. चाळीचं आयुष्य गॅलरीत चालतं; दार उघडलं की समोर सगळा मजला. ग्लासगोत वर्षातला निम्मा काळ पाऊस आणि बोचरी थंडी, त्यामुळे उघडी गॅलरी फार कमी ठिकाणी दिसते. जिना इमारतीच्या आत, घराची दारं जिन्याच्या चौकात. गप्पा, भांडणं, मुलांचे खेळ हे सगळं जिन्यात आणि मागच्या अंगणात चालायचं.

मुंबई आणि ग्लासगो या दोन शहरांचा थेट संबंधही आहे. ग्लासगोत १८६६च्या कायद्याने 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला आणि त्याने शहराच्या मध्यातली दाट वस्ती पाडून नवे रस्ते काढायला घेतले. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातलं, त्यानंतर १८९८ साली जो 'बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' निघाला त्याच्यापुढे ग्लासगोचं उदाहरण होतं. दादर-माटुंग्याची आखणी आणि बीआयटी चाळी ही त्याच ट्रस्टची कामं. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळी त्यानंतरच्या, १९२०च्या दशकातल्या.

दुसरा दुवा पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराचा. एडिनबरोच्या जुन्या भागात गलिच्छ म्हणून सोडून दिलेल्या जेम्स कोर्ट या टेनेमेंटमध्ये गेडिस दांपत्य लग्नानंतर मुद्दाम राहायला गेलं आणि शेजाऱ्यांना हाताशी धरून त्यांनी ती वस्ती सुधारली. सरसकट पाडू नका, जिथे सडलं आहे तेवढंच कापा आणि बाकी जगवा, हे त्यांचं सूत्र. हेच गेडिस १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये त्यांचे विद्यार्थी.

ग्लासगोनेच एवढी टेनेमेंट का बांधली?

१८०१ साली शहराची वस्ती ७७ हजारांच्या आसपास होती. १९०१ साली ती साडेसात लाखांच्या वर गेली. एवढ्या माणसांना कामाच्या ठिकाणापासून चालत जाण्याच्या अंतरावर घर हवं होतं.

त्यात स्कॉटलंडच्या जमीन कायद्याची भर पडली. तिथे जमीन विकताना मूळ मालक दरवर्षी ठरावीक रक्कम कायमची मिळत राहील अशी अट घालत असे. याला 'फ्यू' म्हणत. ही पद्धत कागदोपत्री संपायला २००४ साल उजाडलं! बांधणाऱ्याच्या डोक्यावर दरसालचा हा बोजा असल्यामुळे त्याच तुकड्यावर जितकी जास्त भाडी उभी राहतील तितकं बरं, असा हिशेब होता. म्हणून घरं आडवी पसरली नाहीत, उभी चढली. दगड गावाजवळच्या खाणींत मुबलक होता, हेही महत्त्वाचं.

बांधणारे बहुतेक छोटे कंत्राटदार, कर्जावर काम करणारे. इमारत झाली की एखादा दुकानदार, निवृत्त माणूस किंवा विधवा बाई आपली पुंजी घालून ती विकत घेई आणि भाड्यावर गुजराण करी. भाडं गोळा करायला 'फॅक्टर' नावाचा व्यवस्थापक नेमला जाई. १८७८ साली सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली आणि हे सगळं कर्जाचं चक्र एकदम थांबलं. पुढची बरीच वर्षं बांधकाम थंड होतं. पिवळ्या दगडाच्या आणि लाल दगडाच्या इमारतींमध्ये जो काळाचा खंड जाणवतो, त्याचं हे एक कारण.

लाल दगड आणि पिवळा दगड, यात काय फरक?

दोन्ही वालुकाश्मच. पिवळसर दगड जुना, शहरालगतच्या गिफनॉक आणि बिशपब्रिग्जच्या खाणींतला. १८९०च्या सुमारास त्या खाणी आटत चालल्या आणि रेल्वेने डम्फ्रीसशायर आणि एअरशायरचा लाल दगड यायला लागला. त्यामुळे लाल टेनेमेंट दिसलं की ते साधारण १८९० ते १९१४ या काळातलं समजायला हरकत नाही. हाइंडलंड हा भाग जवळजवळ पूर्ण लाल आहे, कारण तो एका झपाट्यात याच काळात उभा राहिला.

दर्शनी भिंतीला घडीव, गुळगुळीत दगड. मागच्या भिंतीला ओबडधोबड. पैसा कुठे दिसायला हवा हे बांधणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. बाहेरच्या भिंती सुमारे ६० सेंटिमीटर जाड, चुन्यात बांधलेल्या. जमिनी लाकडी तुळयांच्या, आणि तुळयांच्या मध्ये राख भरलेली, म्हणजे वरच्यांच्या पावलांचा आवाज खाली कमी यावा. छपराला स्लेटच्या फरशा. खिडक्या उभ्या, वर-खाली सरकणाऱ्या, चौकटीच्या आत दडवलेल्या लोखंडी वजनांवर तोललेल्या. चांगल्या वस्तीत दिवाणखान्याची खिडकी रस्त्याकडे तीन बाजूंनी पुढे आलेली असते. ढगाळ देशात तेवढाच जास्त उजेड आत येतो.

'वॉली क्लोज' काय असतं?

भिंतींना चिनी मातीच्या चकचकीत टाइल्स लावलेला क्लोज. साध्या क्लोजला नुसता रंग असे, खाली गडद आणि वर फिका. टाइल्स कमरेपर्यंत आहेत की खांद्यापर्यंत, त्या दारापाशीच संपतात की वरच्या मजल्यापर्यंत जातात, जिन्याच्या खिडकीला रंगीत काच आहे की नाही, यावरून राहणाऱ्यांची पत कळायची. बाटलीच्या काचेसारख्या गर्द हिरव्या टाइल्स, वर एक तपकिरी किंवा फुलांची पट्टी, हे सगळ्यात जास्त दिसतं. या टाइल्स शंभर-सव्वाशे वर्षं अंगावर ओली छत्री, सायकल, सोफा घासून घेत टिकल्या आहेत. मला विचाराल तर ग्लासगोचं खरं सौंदर्य दर्शनी भिंतीपेक्षा या जिन्यांत आहे.

जिना धुण्याची पाळी प्रत्येक मजल्यावर आठवड्याने फिरायची. आता तुमची पाळी, असं लिहिलेलं कार्ड दाराच्या मुठीला अडकवलेलं असे. धुऊन झालं की पायऱ्यांच्या कडांना पांढऱ्या मातीने रेघा किंवा वेलबुट्टी काढायची. पाळी चुकवणाऱ्या घराचं नाव अख्ख्या क्लोजमध्ये होई.

आत घर कसं असायचं?

कामगाराचं सगळ्यात छोटं घर म्हणजे 'सिंगल एंड', एकच खोली. त्याच्या वरचं 'रूम अँड किचन', म्हणजे स्वयंपाकघर आणि एक खोली. बहुतेक कामगार या दोन प्रकारांतच राहत.

स्वयंपाकघर हेच खरं घर होतं. एका भिंतीला काळ्या ओतीव लोखंडाची शेगडी, कोळशावर चालणारी. तिच्यावरच स्वयंपाक, तिच्यावरच पाणी, तिचीच ऊब. आठवड्यातून एकदा तिला काळं पॉलिश लावून चमकवायचं हे बाईचं काम. खिडकीपाशी नळ आणि मोरी. कोळसा ठेवायची लाकडी पेटी स्वयंपाकघरातच, आणि कोळसेवाला गोण्या पाठीवर घेऊन तीन जिने चढून तो त्यात ओतून जाई. छताला दोरी-कप्पीवर लाकडी दांड्यांची चौकट, ओले कपडे टाकून वर ओढून घ्यायची. बाहेर पाऊस असला तरी कपडे शेगडीच्या उबेवर वाळत.

आणि खिडकीच्या समोरच्या बाजूला भिंतीत कोनाडा, पलंगाएवढा. याला 'बेड रिसेस' म्हणतात. उंच ओटा, त्यावर गादी, पुढे पडदा. आईवडील त्यावर. ओट्याखालून चाकांची खाट ओढून काढली की त्यावर मुलं. एका खोलीत जेवण, झोप, बाळंतपण, आजारपण आणि मरणही. काही घरांत या कोनाड्याला दारं लावून तो कपाटासारखा बंद करत. क्षयाच्या रोग्याबरोबर अशा बंद कपाटात झोपणं म्हणजे रोग वाटून घेणंच. १९०० सालच्या कायद्याने ग्लासगोत नव्या घरांत असे बंद कोनाडे करायला मनाई झाली.

मध्यमवर्गीय घर पाहायचं तर बकल्यू स्ट्रीटवरचं १४५ नंबरचं. ॲग्नेस टोवर्ड ही लघुलेखिका तिथे १९११ पासून १९६५ पर्यंत राहिली, आधी आईबरोबर, मग एकटी. घरात तिने जवळजवळ काहीच बदललं नाही आणि फारसं काही फेकलंही नाही. गॅसचे दिवे, शेगडी, बिलं, औषधांच्या बाटल्या, सगळं जागच्या जागी. आता हे घर नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे आहे. तिथेही स्वयंपाकघरात पलंगाचा कोनाडा आहेच. चार खोल्यांच्या, न्हाणीघर असलेल्या चांगल्या घरातही ती सोय सुटली नव्हती.

संडास-पाण्याचं काय?

पाण्याच्या बाबतीत ग्लासगो पुढे होतं. १८५९ साली लॉक कॅट्रिन या डोंगरातल्या तलावाचं पाणी शहरात आलं, खुद्द राणीने उद्घाटन केलं. त्यानंतर घरोघरी नळ पोचले आणि १८६६च्या कॉलऱ्याच्या साथीत आधीच्या साथींच्या मानाने शहर खूपच सुटलं.

संडास आधी मागच्या अंगणात, मग जिन्याच्या अर्ध्या वळणावर, दोन-तीन घरांत एक. अनेक कामगार वस्त्यांमध्ये ही स्थिती १९६०च्या दशकापर्यंत टिकली. अंघोळीला पत्र्याचं टब नाहीतर सार्वजनिक स्नानगृह. कपडे धुवायला अंगणातली धुण्याची खोली किंवा महापालिकेचं धुणीघर, 'स्टीमी'. बायकांच्या गप्पांची जागा तीच.

दारावरचं तिकीट म्हणजे काय?

हा भाग वाचून अजूनही अंगावर काटा येतो. १८६२च्या पोलीस कायद्याने महापालिकेला लहान घरं मोजायचा अधिकार मिळाला. दोन हजार घनफुटांपर्यंतच्या घराचं आतलं माप घ्यायचं, दर प्रौढ माणशी ३०० घनफूट हवा धरायची आणि येणारा आकडा धातूच्या छोट्या पट्टीवर ठोकून ती दारावर लावायची. बाराशे घनफुटांची खोली असेल तर चार प्रौढ, संपलं. लहान मुलं अर्धी धरत.

मग रात्री, सगळे झोपल्यावर, आरोग्य निरीक्षक दार ठोठावत. आत डोकी मोजत. जास्त निघाली तर खटला. निरीक्षकांच्या पावलांची चाहूल लागली की पोटभाडेकरू कपाटात, पलंगाखाली, नाहीतर छपरावर. भाडं परवडत नाही म्हणून माणूस पोटभाडेकरू ठेवतो आणि पोटभाडेकरू ठेवला म्हणून दंड भरतो. दाटी हा गुन्हा ठरला, पण स्वस्त घर देणं हे कुणाचंच काम नव्हतं. शहराचे आरोग्य अधिकारी जेम्स बर्न रसेल यांना हे दिसत होतं. १८८८ सालच्या गाजलेल्या भाषणात त्यांनी श्रोत्यांना एका खोलीतलं जगणं डोळ्यांपुढे उभं करून दाखवलं. तेव्हा ग्लासगोची एक चतुर्थांश माणसं एकखणी घरात राहत होती.

बदनामी सुरू कुठून झाली?

इथे एक गल्लत नेहमी होते. थॉमस ॲनन या छायाचित्रकाराने १८६८ ते १८७१च्या दरम्यान इम्प्रूव्हमेंट ट्रस्टसाठी काढलेले अरुंद, ओलसर बोळांचे फोटो सगळीकडे दिसतात आणि लोक त्यांना व्हिक्टोरियन टेनेमेंट समजतात. ती घरं त्याहून बरीच जुनी. जुन्या शहरात पुढच्या इमारतीच्या मागे, जिथे बागा होत्या तिथे, मालकांनी जागा मिळेल तसं बांधत नेलं होतं आणि मोठी घरं तुकड्यांत फोडून भाड्याने दिली होती. व्हिक्टोरियन टेनेमेंट हा खरं तर त्यावरचा उपाय होता: रुंद रस्ता, जाड भिंत, उजेडाचा जिना, मागे मोकळं अंगण.

एडिनबरोत तर १८६१च्या नोव्हेंबरमध्ये हाय स्ट्रीटवरची एक जुनी उंच इमारत मध्यरात्री कोसळून ३५ माणसं गेली. त्यानंतरच हेन्री लिटलजॉन हे त्या शहराचे पहिले आरोग्य अधिकारी नेमले गेले.

नवी टेनेमेंट दोन पिढ्यांत दाटीने भरली आणि तीही जुन्यांच्या पंक्तीला जाऊन बसली. सगळ्यात जास्त बोल गॉर्बल्स या भागाला लागला. क्लाइड नदीच्या दक्षिणेचा हा भाग मुळात ऐपतदार लोकांसाठी आखला होता. पुढे तिथे आयरिश आले, पूर्व युरोपातून ज्यू आले, नंतर भारत-पाकिस्तानातूनही माणसं आली. १९३०च्या दशकात वर्तमानपत्रांनी आणि एका खपाऊ कादंबरीने गॉर्बल्सची ओळख चाकू-वस्तऱ्याच्या टोळ्यांशी कायमची जोडून टाकली. तिथे घाम गाळून संसार करणाऱ्या हजारो घरांबद्दल मात्र कुणी मथळे छापले नाहीत.

१९१५चा भाडेसंप काय होता?

पहिल्या महायुद्धात गोद्यांमध्ये आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामगारांचा लोंढा आला. घरं तेवढीच. मालकांनी भाडी वाढवली. पुरुष आघाडीवर किंवा कामावर होते, त्यामुळे लढाई बायकांच्या अंगावर आली आणि त्यांनी ती जिंकली. ग्लासगोच्या गोव्हन भागातल्या मेरी बार्बर यांनी क्लोजनिहाय समित्या बांधल्या. घर रिकामं करायला बेलीफ आला की एक बाई घंटा वाजवी आणि सगळ्या जिन्यांतून बायका खाली उतरून वाट अडवत. पिठाचे पुडे आणि ओली धुणी ही त्यांची हत्यारं. नोव्हेंबरपर्यंत सुमारे वीस हजार कुटुंबांनी वाढीव भाडं द्यायचं थांबवलं होतं. १७ नोव्हेंबरला १८ भाडेकरूंना कोर्टात उभं केलं तेव्हा हजारोंचा मोर्चा आला, खटला बारगळला आणि वर्ष संपायच्या आत सरकारने भाडं गोठवणारा कायदा केला. मुंबईतही युद्धकाळातल्या भाडेवाढीवर १९१८ साली असाच भाडेनियंत्रण कायदा आला.

या विजयाची दुसरी बाजूही सांगायला हवी. भाडं गोठलं, सार्वजनिक पैसा दुरुस्तीकडे आला नाही आणि मालकांनी छपराकडे बघायचं सोडलं. पुढच्या पन्नास वर्षांत टेनेमेंटची रया गेली ती बरीचशी यामुळे. मुंबईच्या जुन्या भाड्याच्या इमारतींत राहिलेल्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. बायकांचा लढा मला तरीही शंभर टक्के बरोबर वाटतो. चूक होती ती दुरुस्तीची जबाबदारी मोकळी सोडणाऱ्यांची.

मग ती पाडली का?

दुसऱ्या महायुद्धानंतर नव्या सुरुवातीची ओढ सगळ्यांनाच होती, राहणाऱ्यांनाही. आतला संडास आणि गरम पाण्याचा नळ मिळणार म्हणून लोक आनंदाने निघाले, हे विसरून चालणार नाही. शहरात २९ भाग 'सर्वंकष विकास क्षेत्रं' म्हणून ठरवले गेले. गॉर्बल्स-हचेसनटाउनची योजना १९५७ साली मंजूर झाली आणि टेनेमेंटच्या रांगा भुईसपाट झाल्या. माणसं टॉवरमध्ये, शहराच्या काठावरच्या ईस्टरहाउस, ड्रमचॅपल, कासलमिल्क, पोलॉक या वसाहतींत आणि ईस्ट किलब्राइडसारख्या नव्या गावांत पांगली.

बेसिल स्पेन्स या नामांकित वास्तुविशारदाने गॉर्बल्समध्ये उभारलेले टॉवर १९९३ साली सुरुंग लावून पाडावे लागले. तीस वर्षंसुद्धा पुरी झाली नव्हती. शेजारची १९७०च्या दशकातली दुसरी वसाहत ओलीमुळे इतकी सडली की ती १९८७ सालीच गेली. पूर्वी मागच्या अंगणात खेळणाऱ्या पोराला भूक लागली की आई खिडकीतून जॅम लावलेला पाव कागदात गुंडाळून खाली टाकायची. विसाव्या मजल्यावरून ते कसं जमणार?

उरलेली वाचली कशी?

या पानावरचा माझा सगळ्यात आवडता भाग हाच. १९६८च्या जानेवारीत ग्लासगोवर भीषण वादळ आलं, धुराडी कोसळली, हजारो छपरं उडाली. टेनेमेंट आता संपली असंच वाटत होतं. त्याच सुमारास स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात वास्तुकला शिकणाऱ्या रेमंड यंग याने वेगळा प्रश्न विचारला: घरात संडास-न्हाणी नाही एवढंच जर बिघडलं असेल, तर ती आत बसवता येणार नाही का?

उत्तर पलंगाच्या कोनाड्यात सापडलं. टेनेमेंटमध्ये प्रत्येक मजल्यावर स्वयंपाकघरावर स्वयंपाकघर आणि कोनाड्यावर कोनाडा येतो. त्या कोनाड्यांत एकाखाली एक छोटी न्हाणीघरं बसवली तर पाण्याचा आणि मैल्याचा नळ सरळ वरून खाली नेता येतो. भिंत पाडायला नको, छत फोडायला फारसं नको. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला गोव्हनच्या टॅरनसे स्ट्रीटवर 'ॲसिस्ट' नावाने गल्लीतल्याच एका दुकानाच्या गाळ्यात ऑफिस थाटून हे काम सुरू झालं. कुणालाही जाऊन विचारता येत होतं. घरं वेगवेगळ्या मालकांची, त्यामुळे प्रत्येक जिन्यातल्या सगळ्यांना राजी करावं लागे. काम चालू असताना कुटुंब शेजारच्या रिकाम्या घरात राही आणि काम झालं की परत आपल्याच घरी येई.

१९७४च्या गृहनिर्माण कायद्याने अशा कामाला भरघोस सरकारी अनुदान मिळालं आणि वस्तीवस्तीत रहिवाशांच्या गृहसंस्था निघाल्या. समितीवर तिथल्याच बायका-पुरुष, वास्तुविशारद त्यांनी नेमलेला. पाडायच्या यादीतल्या अख्ख्या गल्ल्या अशा वाचल्या. जेम्स कोर्टमध्ये गेडिसनी सांगितलेलं हेच होतं. फक्त ते ऐकायला शहराला सत्तर-ऐंशी वर्षं लागली.

पूर्वीच्या फोटोंत या इमारती काळ्या का दिसतात?

कोळशाच्या धुराची काजळी. १९५६च्या हवा शुद्धीकरण कायद्यानंतर धूर कमी झाला आणि १९७०च्या दशकात दगड धुवायची मोहीम निघाली. काजळीखालून लाल आणि पिवळा रंग निघाला तेव्हा खुद्द ग्लासगोकरांना आपलं शहर नव्याने दिसलं. माणसांचं मत बदलण्यात या धुलाईचा वाटा मोठा आहे. मात्र वाळूचा मारा करून धुतलेल्या ठिकाणी दगडाची वरची कातडीच गेली आणि तो लवकर झिजायला लागला.

आज एवढी मागणी का?

तीन मीटरच्या आसपास उंच छत, त्याला प्लास्टरची नक्षी, मोठ्या खिडक्या, जाड भिंती, खाली दुकान, कोपऱ्यावर बस. नव्या फ्लॅटमध्ये यातलं बरंच मिळत नाही. १९१९च्या आधीचे ७० हजारांहून अधिक टेनेमेंट फ्लॅट शहरात आजही आहेत. गॉर्बल्समध्ये १९९०च्या दशकापासून क्राउन स्ट्रीट भागात पुन्हा चार मजली, रस्त्यालगतची, मागे अंगण असलेली घरं बांधली गेली, म्हणजे नव्या विटांतलं टेनेमेंटच.

मागणी वाढली तशी भाडीही वाढली. पूर्वी डेनिस्टन या ज्या भागात कामगार सहज घर करायचा, तिथे आता त्याच्या नातवाला परवडत नाही. ही आजची खरी चिंता आहे.

आज मोठी अडचण कोणती?

छप्पर. आठ घरांचं एक छप्पर, आठ मालक. त्यांतले तिघे घर भाड्याने देऊन दुसऱ्या देशात. वरच्याच्या घरात पाणी गळतं, खालचा म्हणतो मला काय त्याचं. २००४च्या टेनेमेंट कायद्याने बहुमताने दुरुस्ती ठरवायची सोय केली, पण पैसे वसूल करणं किचकटच राहिलं. २०१९ साली स्कॉटिश संसदेतल्या कार्यगटाने तीन गोष्टी सुचवल्या: दर पाच वर्षांनी तपासणी, प्रत्येक इमारतीत मालकांची सक्तीची संस्था आणि दुरुस्ती निधी. हे लवकर व्हायला हवं.

दुसरं दुखणं सिमेंटचं. दगडांमधले चुन्याचे सांधे सिमेंटने भरले की दगडात शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही. हिवाळ्यात ते गोठतं आणि दगडाचे पापुद्रे निघतात. चुन्याचं काम जाणणारा गवंडी महाग वाटतो, पण तोच लागतो.

आणि थंडी. निड्री रोडवर साउथसाइड हाउसिंग असोसिएशन या गृहसंस्थेने आठ फ्लॅटची एक जुनी इमारत आतून-बाहेरून उबदार करून दाखवली. २०२२ साली ती पुरी झाली. दर्शनी दगडाला हात न लावता आतून आवरण, मागे बाहेरून आवरण, नव्या खिडक्या आणि खेळत्या हवेची यंत्रणा. होऊ शकतं, एवढं सिद्ध झालं आहे.

ग्लासगोला शिकायला जाणाऱ्याने अशा घरात राहावं का?

जरूर राहावं, पण बघून. छताच्या कोपऱ्यात आणि खिडकीखाली ओल आहे का ते हात लावून पाहा. खिडक्या एकेरी काचेच्या असतील तर हिवाळ्यातलं गॅसचं बिल आधीच्या भाडेकरूला विचारा. एकमेकांचे नातेवाईक नसलेले तीन किंवा जास्त जण राहणार असाल तर मालकाकडे 'एचएमओ' परवाना, म्हणजे असं सामाईक घर भाड्याने द्यायचा परवाना, असलाच पाहिजे. डिपॉझिट मालकाने ३० कामकाजाच्या दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत जमा करायचं असतं. पावती मागून घ्या. वरचा मजला उजेडाचा, पण लिफ्ट नसते. आणि रात्री अकरानंतर खलबत्त्यात मसाला कुटू नका, शंभर वर्षांपूर्वीची राख सगळाच आवाज अडवत नाही.

प्रत्यक्ष पाहायला कुठे जावं?

बकल्यू स्ट्रीटवरचं टोवर्डबाईंचं घर आधी. नंतर सेसनॉकमधलं वॉल्मर क्रेसेंट: अलेक्झांडर थॉमसन या ग्लासगोच्या थोर वास्तुविशारदाने कमानीसारखी वळवलेली टेनेमेंटची रांग, नक्षी जवळजवळ शून्य, सगळी ताकद प्रमाणात. तिथून गोव्हन जवळच आहे. गोव्हन क्रॉसला मेरी बार्बर यांचा २०१८ साली उभारलेला पुतळा आहे, मागे बायका-मुलांचा मोर्चा. टॅरनसे स्ट्रीटही त्याच भागात. लाल दगड आणि टाइल्सचे जिने हवे असतील तर हाइंडलंड, आणि दुकानं, कॅफे, धुणी, मुलं असं चालतं-बोलतं टेनेमेंट हवं असेल तर डेनिस्टन किंवा गोव्हनहिल. क्लोजची दारं आता कुलूपबंद असतात, त्यामुळे जिना पाहायचा तर तिथल्या रहिवाशाला विचारूनच आत जा. टोवर्डबाईंचं घर वर्षभर रोज उघडं नसतं, वेळ आधी पाहून घ्या.